दगडासमोरचं पाणी

"बट व्हेअर इज द ब्रोकन पार्ट, आजोबा?"

पर्णिकाने विचारलं आणि अंबादासच्या कपातला चहा बशीत सांडला. फार नाही, घोटभरच. दुबईच्या देऱ्यातल्या त्या फ्लॅटमध्ये शुक्रवारची सकाळ रेंगाळली होती. मुलगा आणि सून अजून उठले नव्हते, आणि नातीने टीव्हीखालच्या खणातून फोटोंचं पाकीट शोधून काढून सगळं जपान सतरंजीवर मांडलं होतं. हिरोशिमाची ट्राम. हिरोशिमाचा रुंद रस्ता, कडेला एका उंचीची झाडं. नदीवरचा पूल. पिवळ्या टोप्या घालून, एकमेकांचे हात धरून रस्ता ओलांडणारी शाळेची पोरं. किल्ल्यापुढे हात पसरून उभा असलेला सहलीतला सोबती रफिक, जसा काही किल्ला त्यानेच बांधला होता. "डॅड सेड अ बॉम्ब फेल देअर," पर्णिका म्हणाली. "हो गं, पडला होता. मी तेव्हा तुझ्याहून लहान होतो." "देन?" "मग त्यांनी परत बांधलं." "एव्हरीथिंग?" "सगळं." तिने फोटो गोळा केले, पत्त्यांसारखे पिसले, पुन्हा एकदा पाहिले. कुणीतरी आपल्याला फसवतंय असा तिचा चेहरा झाला. "देन हाऊ डू दे नो व्हेअर इट हॅपन्ड?" असं विचारून ती उत्तरासाठी थांबली नाही, कार्टून लागलं होतं. अंबादास बशीतल्या चहाकडे बघत राहिला. मोडकी इमारत तिथे होती. एक मुद्दाम तशीच ठेवली होती, वर लोखंडी सांगाडा असलेली, आणि बसमधल्या सगळ्यांनी तिच्यापुढे उभं राहून फोटो काढले होते. त्याने काढला नव्हता. तोवर कॅमेरा पिशवीत गेला होता.

"अहो, भावजींना आणायला कधी निघताय?" आतून विद्युल्लताने विचारलं. तिचा हात दशम्यांवर होता. दुधात भिजवलेल्या पिठाचा गोडसर वास घरभर होता. प्रवासात दशमी पाहिजे, हे तिने इतक्या वर्षांत सोडलं नव्हतं, विमान तीन तासांत मुंबईला पोचत असलं तरी. "मुंबईच्या पुढे लातूरपर्यंत रात्रभर बस आहे," ती म्हणायची, "आणि विमानात काय देतात, तो पाव?" अंबादास उठला. घसा कोरडा होता. चहाने तो ओला होत नव्हता, पाण्यानेही होत नव्हता. गेले चार महिने असंच चाललं होतं. डॉक्टरांनी साखर तपासली, ती ठीक निघाली. एसीमुळे होतं, ते म्हणाले. तो दुबईच्याच अल क्वोज भागात वॉटरप्रूफिंगची कंत्राटं घेणारा माणूस. सत्तेचाळीस डिग्रीत छतावर उभं राहून त्याचा घसा कधी कोरडा पडला नव्हता, तो आता एसीमुळे पडणार होता.

श्रीनाथ आज कायमचा गावी चालला होता. धाकटा भाऊ, लातूरच्या भूकंपानंतर वर्षभराने अंबादासनेच त्याला व्हिसा काढून इकडे आणला, फोरमन केला. इतकी वर्षं तो अल क्वोजच्या कॅम्पात मजुरांबरोबरच राहिला. घरी ये म्हटलं तर म्हणायचा, तिथं पोरी-बाळी इंग्रजीत बोलतात, मला चोरासारखं वाटतं. आता त्याचे गुडघे गेले, मुलगा सुयश कॉलेजात गेला, आणि बायको विभावरीने फोनवर एकदाच, पण शेवटचं म्हणून, सांगितलं होतं: या. व्हिसा कॅन्सल झाला होता. दुपारचं विमान. आणि अंबादासकडे फक्त अल क्वोजपासून विमानतळापर्यंतचा रस्ता उरला होता. माय कशी गेली, हे त्याला श्रीनाथला विचारायचं होतं. तो विमानात बसला की ते राहिलंच. फोनवर असलं विचारता येत नाही. आणि दोघांचंही वय आता असं होतं की राहिलेलं राहूनच जातं.

माय झोपेत गेली, असं श्रीनाथने सांगितलं होतं. त्र्याण्णव साली गणपती बुडाले त्याच्या दुसऱ्या पहाटे लातूरकडची जमीन हलली, आणि अंबादासला ते इथे, एका गोदामाच्या छतावर, रेडिओवाल्या पाकिस्तानी ड्रायव्हरकडून कळलं. फोन लागेना. तिकीट मिळवून, मुंबईहून मिळेल त्या गाडीने तो पोचला तेव्हा गावात गाव नव्हतं. ओल्या दगडांचे ढीग होते आणि त्यांतून उदबत्त्यांचा आणि दुसरा एक वास येत होता. मायला आदल्या दिवशीच इतरांबरोबर अग्नी दिलेला होता. श्रीनाथ एका उलट्या घमेल्यावर बसला होता. "झोपेतच गेली, दादा," तो म्हणाला, "कळलं बी न्हाई तिला." तेव्हा त्या वाक्याने अंबादासला धरून ठेवलं. पण पुढच्या दोन दिवसांत तो ज्या ज्या माणसाला भेटला, त्याने आपल्या माणसाबद्दल तेच सांगितलं. शेजारची ताजबी म्हणाली, पोरगं झोपेत गेलं. गुरव म्हणाला, दोघी सुना झोपेत गेल्या. जणू पहाटे सगळ्या गावाने पारावर बसून ठरवलं होतं की बाहेरून येणाऱ्याला काय सांगायचं. अंबादासच्या हे ध्यानात आलं होतं, आणि त्याने ते ध्यानातून काढूनही टाकलं होतं. माणसाला राहायला घर लागतं तसं वाक्यही लागतं, आणि त्याला हे मिळालेलं होतं; तो त्यात आठ वर्षं राहिला. हिरोशिमाला गेला नसता तर मरेपर्यंत राहिला असता.

हिरोशिमाला तो स्वतःहून गेला नव्हता. ज्या जपानी कंपनीचं केमिकल तो छतांना लावायचा, तिने आखातातल्या आपल्या जुन्या कंत्राटदारांना सहलीला नेलं होतं. ओसाकाजवळचा कारखाना, मग हिरोशिमा, मग एक बेट. बसमध्ये त्याच्या शेजारी शारजाचा रफिक, मलबारी, त्याच धंद्यातला, तो सारखा म्हणे, "अंबाभाई, इधर का छत देखो. एक भी धब्बा नहीं. अपना धंदा इधर भूखा मरेगा." अंबादासही छतंच बघत होता. पण थोड्या वेळाने त्याला बरं वाटेनासं झालं. सगळं इतकं जागच्या जागी होतं. नदी जिथे होती तिथेच होती, पूल जिथे होते तिथेच पुन्हा घातले होते, आणि माणसं त्या जागेवरून हातात पिशव्या घेऊन चालली होती. त्याचं गाव तसं नव्हतं झालं. त्याचं गाव जुनी जागा सोडून चार कोस पलीकडे माळावर बांधलं होतं, सिमेंटच्या घरांच्या सरळ रांगा, प्रत्येक दारावर नंबर. तो दोनदा गेला होता. दोन्ही वेळेस अंगणात उभा राहून, मायचं घर कुठल्या दिशेला होतं हे त्याला ठरवता आलं नव्हतं. जुन्या जागी आता बाभळी होत्या. हिरोशिमात बाभळी कुठे असतील असं तो बसच्या काचेतून शोधत होता, आणि त्या नाहीत म्हणून त्याला त्या लोकांचा हेवा वाटत होता, की राग येत होता, ते समजत नव्हतं.

बागेपाशी बस थांबली. सगळे म्युझियमच्या रांगेत लागले. अंबादासला तहान लागली होती म्हणून तो नदीच्या कडेने थोडा चालत गेला. एका झाडाखाली एक दगड होता, माणसाच्या कमरेएवढा, अक्षरं कोरलेला. आणि त्यापुढे फुलं, आणि फुलांशेजारी पाण्याने काठोकाठ भरलेले चिनी मातीचे दोन पेले, स्वच्छ, नुकतेच ठेवल्यासारखे. त्याने क्षणभरही विचार केला नाही. गावात वेशीजवळ लिंबाखाली रांजण असायचा, कुणाच्या तरी नावाने घातलेली पाणपोई. चैत्रात येणाऱ्या-जाणाऱ्याने प्यायचं, घालणाऱ्याला पुण्य. आणि दुबईत तर गल्लोगल्ली, मशिदीबाहेर, बंगल्यांच्या भिंतींना, स्टीलचे कूलर लावलेले. त्यावर पाटी, की अमक्याने आपल्या गेलेल्या आईच्या नावाने लावला आहे. पंचवीस वर्षं तो लोकांच्या मेलेल्या आयांचं पाणी प्यालेला होता. मेलेल्याच्या नावाने पाणी ठेवतात ते जिवंताने प्यावं म्हणून, यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने पेला उचलला आणि उभ्याने, ओठ न लावता, वरून घशात रिता केला, कारण पेला सगळ्यांचा होता. पाणी गार होतं, जरा गोड. खाली ठेवतो तोच मागे एक म्हातारी उभी. काळा स्वेटर, हातात बाटली. ती रिकाम्या पेल्याकडे बघत होती. अंबादासने हात जोडले, घशाला बोट लावून 'फार छान' अशी खूण केली. म्हातारी क्षणभर तशीच राहिली. मग वाकली, पेला पुसला, पुन्हा भरला, आणि दगडाकडे न ठेवता दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. तोही तो प्याला. मग तिने तिसऱ्यांदा भरला, दगडापुढे ठेवला, आणि दगडाला वाकून नमस्कार केला. मग वळून त्यालाही केला.

म्युझियममध्ये त्याला इंग्रजी पाट्या वाचता येत नव्हत्या. गाईडबाई इंग्रजीत सांगायची, रफिक पुढे हिंदी करून द्यायचा, हलक्या आवाजात, कारण तिथे सगळेच हलक्या आवाजात बोलत होते. "बोल रही है, जो जल गए थे ना, सब पानी मांगते मांगते मरे. डॉक्टर लोग बोले, पानी दो तो मर जाएगा, इसलिए नहीं दिया. फिर भी मरे. अब ये लोग पत्थर के सामने पानी रखते हैं. उनके लिए." अंबादासने विचारलं, "किनके लिए?" "मुर्दों के लिए, और किसके लिए? अंबाभाई, क्या हुआ? बैठो, बैठो." तो बसला नाही. गर्दीतून वाट काढत बाहेर आला, झाडाखालच्या दगडापाशी गेला. पेले भरलेले होते, म्हातारी नव्हती. आपण काहीतरी भरून द्यायला हवं म्हणून त्याने जवळच्या मशीनमध्ये नाणी टाकली आणि पाण्यासारखं चित्र बघून बटण दाबलं. खाली डबा पडला तो उचलला तर हाताला चटका बसला. आत कॉफी होती. ती काही दगडापुढे ठेवायची गोष्ट नव्हती. दुसरं नाणं त्याच्याकडे नव्हतं. गरम डबा या हातातून त्या हातात करत तो उभा राहिला, आणि बसने हॉर्न दिला. त्या रात्री हॉटेलात, जिभेवर ती गोडसर चव असताना, त्याला पहिल्यांदा वाटलं: आठ वर्षं आपण मायबद्दल काहीही विचारलेलं नाही.

तेव्हापासून तो कूलरचं पाणी पीत नव्हता. साइटवर पोरं ग्लास भरून आणायची तर तो म्हणायचा, ठेव. घरी बाटलीतलं प्यायचा, आणि पिताना कुणाचा तरी वाटा आपल्याकडे आलाय असं वाटून घोट अर्ध्यातच अडायचा. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. विद्युल्लताला सांगितलं असतं तर तिने दृष्ट काढली असती, मुलाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बाबा, यू आर ओव्हरथिंकिंग.

अल क्वोजच्या कॅम्पात श्रीनाथ खोक्यावर बसूनच होता. दोरीने करकचून बांधलेलं खोकं, त्यावर मार्करने नाव आणि गाव. जुनं गाव नव्हे, नवं, नंबरासकट. पोरं निरोपाला जमली होती. कुणी तरी म्हणालं, "चाचा, याद रखना," आणि श्रीनाथ म्हणाला, "तुम लोग टाकी का ढक्कन लगाना याद रखो, बस." पिकअपमध्ये बसताना त्याने दोन्ही गुडघे हातांनी उचलून आत घेतले. "खलास," तो म्हणाला, "आता चाललो मी माझ्या राजवाड्यात. बी लाइन, सत्तावीस नंबर." वहिनींच्या दशम्यांचा डबा त्याने मांडीवर घेतला, झाकण उघडून वास घेतला, लावून टाकलं. शेख झायेद रोडला लागेपर्यंत तो बोलतच होता. "तुला सांगतो दादा, त्या नव्या गावात एकच कलर, एकच दार. मागच्या सुट्टीत मी अंधारात गेलो तर सरळ दुसऱ्याच्या घरात. जाऊन खाटंवर बसलो. आतली बाई मनली, चहा टाकू का? मी मनलं, टाक. चहा आला तवा कळलं की आपल्या घरात एवढा गोड चहा कुणी देत न्हाई." तो स्वतःच हसला. "विभावरी मनली, गल्ली चुकली की बायको बदलती, लक्षात ठेवा." अंबादास हसला, आणि हसताना घसा खरवडला, खोकला आला. विचारावं, असं त्याच्या मनात आलं. पुढे उड्डाणपूल होता, पुलानंतर विचारू. पुलानंतर एक ट्रक आडवा आला.

दोघं एकाच घरात, एकाच माळवदाखाली वाढलेले. वर लाकडं, त्यावर फळ्या, त्यावर हातभर माती. माय दर वर्षी मृगाच्या आधी गढीपासून पांढरी माती आणायची, डोक्यावरून, आणि शिडी चढून माळवदावर पसरायची, चोपायची. ती माती विचित्र होती. कोरडी असताना पिठासारखी, आणि पहिला पाऊस लागला की फुगायची, तिच्या भेगा आपोआप मिटायच्या, आणि मग वरून तळं साठलं तरी थेंब खाली यायचा नाही. अंबादासने पुढे जगभरची केमिकलं लावली, पण त्या मातीसारखं काही पाहिलं नाही. एखाद्या वर्षी माती टाकायची राहिली, की जुनी भुसभुशीत व्हायची, उंदीर पोखरायचे, आणि श्रावणात सगळ्या घरात भांडी मांडावी लागायची. तेव्हा माय वर बघायची नाही. भिंतीला नाक लावून हिंडायची. "पाणी कुठनं आलं ते वासानं कळतं," म्हणायची. तोही तसंच करायचा. दुबईच्या चकचकीत फ्लॅटमध्ये, मालकिणीसमोर, भिंतीला नाक लावायचा, आणि मालकिणी हसू दाबायच्या. या आयुष्यात त्याने एकच काम केलं होतं: वरचं पाणी खाली येऊ द्यायचं नाही. मायनेही आयुष्यभर तेच केलं. ती त्याच माळवदाखाली गेली. श्रीनाथ, विभावरी आणि नऊ-दहा वर्षांचा सुयश त्या रात्री उकडतं म्हणून अंगणात झोपले होते. मायला दवाने खोकला व्हायचा. ती आत होती.

वेळ होता. श्रीनाथ म्हणाला, "खाडीवर चल की जरा. लाकडाच्या बोटी बघून घेतो शेवटच्या." देऱ्याच्या धक्क्यावर शुक्रवारची नमाज संपून गर्दी पांगली होती. बोटींवर फ्रीज, टायर, गाद्या, कांद्याच्या गोण्या चढत होत्या; इराणला जायच्या. खारट, डिझेलचा वारा येत होता. मशिदीच्या भिंतीला कूलर होता, साखळीला बांधलेला स्टीलचा ग्लास. श्रीनाथ दोन ग्लास घटाघटा प्याला, तिसरा भरून त्याने अंबादासपुढे धरला.

"घे."

"नको."

"घसा तर खरवडतोय सकाळधरनं."

"नको म्हटलं ना."

"का? मशिदीचं हाय म्हणून व्हय?" श्रीनाथने डोळे बारीक केले. "सगळी उमर हितलंच प्यालास की. आता म्हातारपणी सोवळा झालास? वहिनीला सांगू का, भटजी बोलवा म्हणून?"

आणि अंबादासने सांगितलं. कसं सांगितलं गेलं त्यालाच कळलं नाही; विचारायचं होतं आणि तोंडातून हे निघालं. झाड, दगड, पेले, म्हातारी, मग म्युझियम. श्रीनाथ आधी तोंड उघडं ठेवून ऐकत होता, मग त्याचे खांदे हलायला लागले. "दोन? दोन प्यालास?" "तिने दिला दुसरा." "आरं मेलेल्याच्या म्होरचं उचलून प्यालास, वर 'छान हाय' म्हणून दुसरा घेतलास! आन् ती बिचारी, पाव्हणा म्हणून देती!" तो इतका हसला की गोण्या चढवणारा हमाल थांबून बघायला लागला. हसता हसता डोळे पुसत त्याने विचारलं, "पण पाणीच का ठेवत्यात? भात-बित न्हाई?"

"मरताना सगळे पाणी मागत होते म्हणून. कुणी दिलं नाही."

श्रीनाथचं हसू गेलं. एकदम नाही, खांदे अजून थोडे हलत होते आणि चेहरा थांबला होता. हातातल्या ग्लासात त्याने पाहिलं.

"माय बी मागत हुती," तो म्हणाला. साइटवर सहज 'पाना दे' म्हणतात तसं.

बोटीवरून कुणीतरी ओरडलं, दोर सोडला गेला. आपण विचारणार होतो तो प्रश्न आता उरलाच नाही, एवढंच अंबादासला समजलं.

"आवाज येत हुता. चांगला. आधी मनली, पोरगं कुठाय. मनलं, हाय, भायेर हाय. मग मनली, म्हशी सोडल्या का. शिव्या बी दिल्या मला, की तिकडनं काय उकरतोस, हिकडनं काढ. मग मनली, शिऱ्या, घसा कोरडा पडलाय. मी तांब्या भरून आणला. तांब्या घेऊन उभा हुतो, दादा. कुठनं देऊ? फट न्हाई, काही न्हाई. दगूड चौघांनी हलंना. दर थोड्या वेळानं मागायची. मी मनायचो, आणतो. तांब्या हातातच हुता." त्याने ग्लास साखळीला सोडला, तो भिंतीवर आपटून हलत राहिला. "तुला कसं सांगणार? सगळ्यांनी तेच सांगितलं, म्या बी सांगितलं."

"कधीपर्यंत?" अंबादासने विचारलं.

"दुपार हुईस्तोवर. तवा पाऊस लागला. जोराचा. लोकं मनली, घात झाला, माती बसंल. मला मातुर," त्याने हलणारा ग्लास हाताने थांबवला. "मला बरं वाटलं. वाटलं, हे जाईल आत. माझ्या तांब्याचं न्हाई गेलं, हे जाईल. त्याच्यानंतर आवाज आला न्हाई तिचा. मी मनलं, प्याली आसंल. प्याली, आन् मग गेली."

तो अंबादासकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर आता कामाचा भाव होता, नवी साइट बघायला आल्यावर असायचा तो.

"हितं आल्यापासनं तुझ्याबरबर छतं बघतोय मी. आपण टेस्टला छत पाण्यानं भरून ठेवतो की न्हाई, तवा खाली जाऊन उभा राहणारा मीच. तुला वाटत आसंल, श्रीनाथ कामाचा लई पक्का. मी बघत आसतो, येतंय का. थेंब आला की तू डोकं धरून बसतोस. मला," त्याने छातीवर हात ठेवला आणि वाक्य सोडून दिलं. "मी कुणाला इचारलं न्हाई. इचारायला तूच हुतास, आन् तुला तर झोपेत गेली म्हणून सांगितल्यालं. आता सांग. तुझं कामच हाय ते. गेलं आसंल का आत?"

अंबादासला ती माती दिसली. मायच्या बोटांच्या पेरांत बसलेली, पांढरी, हात धुतले तरी न निघणारी. ओली झाली की फुगणारी, भेगा मिटवणारी. पडलेलं माळवद काही छत राहत नाही, तो ढीग होतो. पण ढिगातही ती माती तीच असते. पावसाने ती वरून आवळत आली असेल, दगडांमधल्या फटी लिंपत, थर चढवत. मायनेच वर्षानुवर्षं डोक्यावरून वाहून नेलेली. त्याला हे सगळं एका क्षणात, ड्रॉइंग बघावं तसं दिसलं. आणि समोर भाऊ उभा होता, मांडीवरून घसरू नये म्हणून दशम्यांचा डबा धरावा तसे दोन्ही हात पोटाशी घेऊन.

"लाकडं मोडली होती?" अंबादासने विचारलं.

"मोडली हुती. मधनं."

"मग जातं."

"नक्की?"

"मधून फुटलेल्या छतात पाणी थांबत नाही, श्रीनाथ. वाट काढतंच. लाकडाच्या कडेकडेनं उतरतं. माणसाच्या तोंडाशी यायला कितीसं लागतं? गेलं असणार."

श्रीनाथने मान हलवली. एकदा, मग पुन्हा, हळूहळू, जसं कुणी एखादी सूचना पाठ करून घेतो. "लाकडाच्या कडंनं," तो म्हणाला. "हां. तसंच आलं आसंल." मग तो गाडीकडे चालायला लागला, आणि अंबादासला दिसलं की गुडघ्यांची आठवण न होता तो चढून आत बसला.

विमानतळापर्यंत तो बोलला ते सगळं पुढचं बोलला. सत्तावीस नंबरच्या मागे जागा आहे, तिथे लिंबू लावायचं. सुयशला इंजिनियर व्हायचंय, होऊ दे. विभावरी घोरते, पण चालतंय. अंबादास हो हो म्हणत गाडी चालवत होता. आता त्याच्याकडे ते वाक्य नव्हतं ज्यात तो आठ वर्षं राहिला होता; नवं त्याने स्वतः बांधून भावाला दिलं होतं, आणि त्याला स्वतःला त्यात शिरता येत नव्हतं. पण एक फट होती. माय त्या वर्षी थकली होती. गुडघे धरून बसायची, असं विद्युल्लता गावाहून येऊन म्हणाली होती. शिडी चढवली नसेल तिला. त्या मृगाला माती टाकायची राहूनच गेली असेल, तर वर जुनीच होती, भुसभुशीत, उंदरांनी पोखरलेली. तर पाणी खरंच आत गेलं असेल. नवी टाकली असेल तर नाही. श्रीनाथला माहीत असणार. तो त्याच घरात होता. एवढं एकच विचारायचं होतं.

डिपार्चरच्या दाराशी ट्रॉलीवर खोकं चढलं. श्रीनाथने वाकून पायाला हात लावला, अंबादासने त्याला मध्येच उचललं, आणि दोघं जरा वेळ एकमेकांचे दंड धरून उभे राहिले. मागे गाड्यांची रांग लागली होती. पोलिसाने हात हलवला, "यल्ला, यल्ला." अंबादास गाडीत बसला. श्रीनाथ ट्रॉली ढकलत काचेच्या दाराकडे चालला होता, पाठ सरळ, दशम्यांचा डबा वर खोक्यावर ठेवून एका हाताने धरलेला. अंबादासने काच खाली केली.

"शिऱ्या!"

तो वळला. एवढा हलका चेहरा अंबादासने त्याचा कधी पाहिला नव्हता, लहानपणीही नाही.

"काय रं दादा?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"काही नाही," अंबादास म्हणाला. "पोचलास की फोन कर."